तुझा रंग कसा आहे

आमच्या पॅकहाऊसच्या पत्र्याच्या भिंतीवर चार वर्षांपासून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. मूळ चिठ्ठी इराकमधल्या बसऱ्याला, आमच्याकडे तिच्या फोटोची प्रिंट. तिच्यावर चारच ओळी आहेत. त्या चार ओळी वाचता आल्या नाहीत म्हणून एका कंटेनरमागे आमची मोठी रक्कम कापली गेली, आणि त्या चार ओळींमुळेच मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी अरबी शिकायला बसले.

तापीच्या उत्तर अंगाला, चोपडा तालुक्यात आमची केळी. सासरे होते तोवर घड कापायचे, ट्रक भरायचा आणि उत्तरेकडे लावून द्यायचा, एवढाच धंदा होता. पुढे यांनी आणि दिरांनी टिश्यू कल्चरची रोपं लावली, निसवणीनंतर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, त्याला पिशवी घालायला सुरुवात केली, आणि दुबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत माल आखातात जाऊ लागला. कागदपत्रं माझ्याकडे आली, कारण घरात बी. कॉम. झालेली मी एकटी. दुबईशी बोलायला नवी भाषा लागत नाही. तिथल्या अल अवीरच्या फळबाजारात हिंदी चालते, मल्याळमही चालते. मालाची यादी इंग्रजीत यायची, आम्ही पेट्या भरायचो, पैसे यायचे.

मग बसऱ्याच्या एका व्यापाऱ्याशी थेट व्यवहार ठरला. दुबईकर त्याच्याकडेच आमचा माल पुढे विकत होता, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं होतं. भाव इंग्रजीत ठरला, करार इंग्रजीत झाला. कंटेनर भरायच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्याच्या गोदामातून एक हस्तलिखित चिठ्ठी आली. कोणत्या पेटीत किती फण्या, याची.

तेरा किलोच्या पेटीत पाच फण्या बसल्या तर फणी मोठी, आठ बसल्या तर बारीक. गिऱ्हाइकाच्या बाजारात काय खपतं त्यावर हे प्रमाण ठरतं, आणि सगळा भाव त्यावरच उभा असतो. चिठ्ठीत पेट्यांची संख्या इंग्रजी आकड्यांत होती, फण्यांचे आकडे मात्र लिहिणाऱ्याच्या हातवळणाचे. पहिल्या ओळीत एक गोल होता. पॅकिंगच्या मुलांनी तो शून्य वाचला. शून्य फण्या म्हणजे काहीही भरलं तरी चालेल, असा अर्थ लावून त्यांनी त्या पेट्यांत उरलासुरला बारीक माल भरला. दुसऱ्या ओळीत इंग्रजी सातासारखं चिन्ह होतं, तिथे सात फण्या गेल्या. खरं तर तो गोल म्हणजे पाच, आणि तो सात म्हणजे सहा. शून्य ते लोक नुसत्या टिंबानं लिहितात. सगळ्यात जाड, सगळ्यात देखणा माल ज्या पेट्यांत हवा होता, त्यांत आमची सगळ्यात बारीक केळी समुद्र ओलांडून गेली.

मुलांना मी एका शब्दानंही बोलले नाही. रात्री अकरा वाजता, उभ्यानं, गार पाण्यात हात बुडवून काम करणारी ती मुलं. चिठ्ठी वाचायची जबाबदारी माझी होती.

कंटेनर पोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आला. चाळीस सेकंदांचा. आम्ही सगळे ओसरीत बसून ऐकत होतो. काही कळेना. त्यात एकच शब्द आम्हा सगळ्यांना एकदम ऐकू आला. वकील. पुन्हा लावला. पुन्हा वकील. यांचा चेहरा उतरला. दीर म्हणाले, परदेशात खटला लढायचा म्हणजे शेत विकावं लागेल. सासूबाईंना आम्ही माय म्हणतो. त्यांनी काही न बोलता देवापुढे दिवा लावला. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही.

चोपड्यात एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. सासऱ्यांचे जुने स्नेही. सकाळी मी मोबाइल घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी कानाला लावून तीन वेळा ऐकलं. म्हणाले, "सूनबाई, माझी अरबी पुस्तकातली आहे, हा माणूस भराभर बोलतोय, त्यामुळे अर्धंच कळतंय. पण घाबरू नका. अरबीत वकील म्हणजे प्रतिनिधी, एजंट. कोर्टातल्या वकिलाला ते मुहामी म्हणतात. हा म्हणतोय, माझा एजंट येऊन पेट्या बघेल, तुम्हाला फोटो पाठवेल, मग आपण काय कमी करायचं ते बोलू."

एका माणसानं समजूतदारपणे मार्ग काढायचा प्रस्ताव ठेवला होता, आणि आम्ही रात्रभर त्याला वैरी समजत होतो. मला त्याची फार शरम वाटली. नुकसानीपेक्षा जास्त. मी तिथेच सरांना विचारलं, मला शिकवाल का?

सर म्हणाले, आकड्यांपासून सुरुवात करू.

आकडे दोन दिवसांत आले. उजवीकडून डावीकडे लिहायची भाषा, पण संख्या मात्र आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे. सरांनी सांगितलं की अरब लोक या आकड्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात, कारण दशमान पद्धत त्यांच्याकडे आपल्याकडून गेली. ज्या गोलानं आमचा घात केला, तो आपल्याच शून्याच्या रूपाचा, फक्त तिकडे पाच झालेला. बोलताना ते एकक आधी म्हणतात. पंचवीसला 'खम्सा व इश्रीन', पाच आणि वीस. आपलं पंचवीसही तसंच, पाच आधी, वीस नंतर. इंग्रजी माध्यमातला माझा लेक इथे अडखळतो, मला एकदाही अडखळायला झालं नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं.

लेकानंच मला एक आकडा शोधून दिला होता. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना परकीय भाषा शिकवतं. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला अरबी नीट यायला वर्गातले सुमारे २२०० तास लागतात, असा त्यांचा अंदाज. अरबी त्यांच्या सगळ्यात अवघड गटात आहे. रोज एक तास दिला तरी सहा वर्षं. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि गप्प बसले. सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही आत्ता 'हिशेब' म्हणालात. तो शब्द अरबी आहे. इंग्रजी माणसाला तो पहिल्यापासून शिकावा लागतो. तुम्ही कुठून सुरुवात करताय ते आधी मोजा."

मग आम्ही मोजायला बसलो. हिशेब, वजन, किंमत, नफा, खर्च, कर्ज, बाकी, जमा, वसूल, तारीख, मुदत, शर्त, दलाल, मालक. सगळे फारसीच्या वाटेनं मराठीत आलेले अरबी शब्द. आमच्या खतावणीचं एक पान त्यांनी समोर ठेवलं आणि पेन्सिलीनं एकेक शब्द अधोरेखित करत गेले. पान भरून गेलं. तालुका, जिल्हा, तहसील हेही तिकडचेच. आणि ज्या शब्दांनी शेतकऱ्याचं वर्ष दोन तुकड्यांत विभागलं जातं, ते खरीप आणि रब्बीसुद्धा. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू, रबीअ म्हणजे वसंत. मी शेतकऱ्याच्या घरात जन्मले, शेतकऱ्याच्या घरात आले, आणि त्रेचाळीस वर्षं हे शब्द माझ्या तोंडात होते.

यात नवल नाही. आमच्यापासून थोड्याच अंतरावर, तापीकाठी थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची सुरुवातीची राजधानी तिथे होती, त्यांचे मकबरे अजून उभे आहेत. पुढे राजधानी बऱ्हाणपूरला गेली. १३८२ पासून १६०१ पर्यंत, म्हणजे अकबरानं असीरगड घेईपर्यंत, खानदेशावर त्यांचं राज्य होतं. दरबाराची भाषा फारसी, धर्मशास्त्राची अरबी. नंतरच्या मोगली काळात बऱ्हाणपूरचं तलम कापड सुरतेहून इराण, तुर्कस्तान, अरबस्तानापर्यंत जात होतं. आमची केळी ज्या दिशेला निघाली आहे, ती दिशा या मुलखाला नवी नाही.

पण ओळखीचे शब्द दगाही देतात, हे वकिलानं शिकवलंच होतं. म्हणून मी एक वही वेगळी केली. गरीब: अरबीत परका, अनोळखी. फुरसत: तिकडे फुर्सा म्हणजे संधी. पहिल्यांदा ओळख झाली की ते 'फुर्सा सईदा' म्हणतात, चांगला योग. रक्कम: तिकडे रकम म्हणजे नुसती संख्या. 'रकम अल्‌-हिसाब' म्हणजे बँकेचा खाते क्रमांक. हे कळलं नसतं तर कुणी तो मागितल्यावर मी देणं किती निघतं ते कळवलं असतं. माल: तिकडे पैसा, संपत्ती. आणि तकलीफ. तक्लिफा म्हणजे उत्पादनाला येणारा खर्च. हा शब्द वहीत लिहिताना माझा हात थोडा थांबला होता. केळीच्या एका घडामागे काय काय तक्लिफा असते, ते करप्यानं पानं वाळताना आणि वैशाखात वादळानं उभी बाग आडवी झालेली बघताना कळतं.

केळ्याला अरबीत मौझ. आपल्या 'मौज'सारखंच ऐकू येतं. वनस्पतिशास्त्रात केळीच्या प्रजातीला 'मुसा' म्हणतात ते या मौझवरूनच, असं मानलं जातं.

लिपीनं मात्र दमवलं. अक्षरं अठ्ठावीस, पण शब्दात सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी आलं की बहुतेकांचं रूप बदलतं. ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. म्हणजे शब्द आधी माहीत असेल तरच तो वाचता येतो. मी वैतागले की सर आमच्या घरातल्या मोडी कागदांची आठवण द्यायचे. सासऱ्यांच्या वडिलांच्या वह्या मोडीत आहेत. तिथेही ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसतो, अक्षरात अक्षर गुंतलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला गाव, माणसं, व्यवहार आधीच माहीत असतात म्हणून ते वाचता येतं.

या वयात पाठ केलेलं टिकत नाही, ही तक्रार मी सरांकडे दर आठवड्याला करत असे. माणूस शिकलेलं किती वेगानं विसरतो ते एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं होतं. पहिल्या तासांत आणि पहिल्या दिवसांत सगळ्यात जास्त गळतं, मग गळती मंदावते. मला हे वाचून धीर आला. म्हणजे दोष वयाचा एकट्याचा नव्हता. मग मी घरात वही घेऊन बसायचं सोडलं आणि शब्द जिथे लागतात तिथे नेऊन ठेवले. रद्द झालेल्या पुठ्ठ्याच्या पेट्यांवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहायचं. वजनकाट्यावर वज्न. शीतगृहाच्या दारावर हरारा, म्हणजे तापमान. पेटीवर कर्तून. कंटेनर लागला की हाविया. दिवसातून वीस वेळा त्या वस्तूला हात लागायचा, वीस वेळा शब्द दिसायचा. पॅकिंगच्या मुलांनाही हळूहळू येऊ लागले. आता ती चिठ्ठी भिंतीवर आहे ती यासाठीच. नव्या मुलाला कामावर घेतलं की जुनी मुलं त्याला आधी तिच्यासमोर उभं करतात आणि गोल म्हणजे किती ते विचारतात.

आवाजांना जास्त वेळ लागला. घशाच्या तळातून येणारा ऐन मला अजूनही दर वेळी जमत नाही. दोन तऱ्हेचे ह, दोन तऱ्हेचे त, दोन तऱ्हेचे स. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं आरशासमोर उभं राहून घसा ताणायचा, तेही घरात सगळे असताना. एकदा माय दारातून म्हणाल्या, "पोरना मायक वाची राह्यनी." पोरासारखी वाचतेयस. त्या कौतुकानं म्हणाल्या होत्या. पण मला आत कुठेतरी लागलं, आणि का लागलं ते लगेच कळलं नाही.

त्या आठवड्यात सरांनी मला सीबवैहची गोष्ट सांगितली. आठव्या शतकातला हा माणूस अरबी व्याकरणाचा सगळ्यात मोठा पंडित, आणि तो जन्मानं इराणी होता. अरबी त्याची मायबोली नव्हती. तो शिकला बसऱ्याला. अशी आख्यायिका आहे की धर्मग्रंथ शिकताना त्याच्याकडून व्याकरणाची एक चूक झाली, गुरूंनी सगळ्यांसमोर ती दाखवली, आणि त्यानं ठरवलं की आता मी असं व्याकरण शिकेन की पुन्हा कुणी चूक काढणार नाही. सर हे सांगत होते आणि मला धुळ्याजवळच्या माझ्या शाळेतली दुसरीची खोली दिसत होती.

आमच्या घरी अहिराणी. अहिराणीत ळ राहत नाही, त्याचा य होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, धुळ्याला आम्ही धुये म्हणतो. दुसरीत मला उभं राहून धडा वाचायला सांगितलं. मी 'शाळा'ला 'शाया' वाचलं. बाईंनी थांबवलं. पुन्हा वाच. पुन्हा शाया. जीभ वळतच नव्हती. त्यांनी मला ळ दहा वेळा म्हणायला लावला, वर्गातली तालुक्याच्या गावची मुलं हसली, आणि त्या दिवशी घरी आल्यावर मी आईशीसुद्धा 'शाळा' म्हणू लागले. आई काही बोलली नाही. माझ्यासाठी पहिली परकी भाषा प्रमाण मराठी होती, इंग्रजी नव्हे, हे मला एवढ्या वर्षांत कधी असं शब्दांत सुचलं नव्हतं. मोठेपणी भाषा शिकताना जी लाज वाटते, चुकायची, हसतील याची, ती माझ्यात तिथून होती. तिचं मूळ सापडल्यावर ती संपली असं नाही. पण आरशासमोर घसा ताणताना मी दार लावून घेणं बंद केलं.

वर्ष सव्वा वर्ष झालं. चिठ्ठ्या वाचता येऊ लागल्या, लेखी निरोप कळू लागले, मीही लिहू लागले. मग एके दुपारी बसऱ्याहून पुन्हा व्हॉइस मेसेज आला. मी मोठ्या विश्वासानं लावला, आणि काही कळलं नाही. काहीही नाही. जणू मी शिकलेली भाषा आणि ही भाषा यांचा एकमेकींशी संबंधच नव्हता. त्या वेळी रडायला आलं, हे लपवून काय करू.

सर म्हणाले, मी तुम्हाला फुस्हा शिकवली, ग्रंथांची आणि बातम्यांची भाषा. घरात कुणी ती बोलत नाही. घरात आम्मिया, म्हणजे लोकांची बोली, आणि ती दर शहरात निराळी. त्यापुढे त्यांना जाता येत नव्हतं. मग मी तो निरोप संगणकावर घेऊन तुकडे केले आणि एकेक तुकडा ऐकत बसले. भाजी निवडताना, पेट्या मोजताना, रात्री अंथरुणावर. एक शब्द सारखा येत होता. याया. अल्‌-हाविया याया? कंटेनर काय? पुस्तकात येणारा, निघालेला याला 'जाई' म्हणतात, स्त्रीलिंगी 'जाइया'. हाविया स्त्रीलिंगी. कंटेनर निघाला का, असं तो विचारत असणार. पण मग सुरुवातीला ज का नाही, य का?

माय शेजारी शेंगा सोलत होत्या. मी पुन्हा पुन्हा तो तुकडा लावत होते. त्यांनी विचारलं, काय म्हनस तो? मी म्हटलं, माय, हा 'ज'चा 'य' करतोय. त्या म्हणाल्या, "तो आपलामायकच शे मंग."

आपल्यासारखाच आहे मग तो.

खरंच तसंच होतं. बसरा, कुवेत आणि आखाताच्या बऱ्याच किनाऱ्यावर ज चा य होतो. रजुल, म्हणजे माणूस, तो रय्याल. दजाज, म्हणजे कोंबडी, ती दियाय. शिवाय क चा कित्येकदा च होतो, आणि घशातल्या क चा ग. म्हणजे एवढ्या मोठ्या बसऱ्याचा व्यापारी, ज्याच्या गोदामात आमचे कंटेनर रिकामे होतात, तोही शाळेत एक भाषा शिकला आणि घरी दुसरी बोलतो. त्यालाही कुणीतरी लहानपणी उभं करून ज म्हणायला लावलं असेल. त्या दिवसापासून मला तो परका वाटेना. मी त्याचे निरोप ऐकताना पुस्तकातला शब्द शोधायचं थांबवलं आणि अहिराणी ऐकते तसं ऐकू लागले, अर्थ आधी, अक्षर नंतर.

पहिल्यांदा फोनवर प्रत्यक्ष बोलले तेव्हा त्यांनी विचारलं, "श्लोनिच?" कशी आहेस, असा त्याचा अर्थ. पण शब्द फोडला तर निघतं: तुझा रंग कसा आहे? इराकमध्ये आणि आखातात सगळे एकमेकांना असंच विचारतात. पुरुषाला श्लोनक, बाईला श्लोनिच. मला हे इतकं आवडलं की मी उत्तर द्यायचं विसरले. केळीच्या माणसाला याहून जवळचा प्रश्न कोणता? आमचं सगळं आयुष्य रंगावर चालतं. हिरवा माल कापायचा, तो हिरवाच पोचला पाहिजे. कंटेनरमध्ये साडेतेरा अंशांच्या आसपास राखायचं. तेराच्या खाली बराच वेळ गेलं तर साल मळकट राखाडी पडते, आणि नंतर तिला कधीही खरा पिवळा येत नाही. पिकवणीच्या खोलीत हिरव्यापासून ठिपकेदार पिवळ्यापर्यंत सात पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. फोनवर आम्ही दोघं दिवसाआड एकमेकांना रंगच विचारत असतो.

ते मला नावानं हाक मारत नाहीत. 'उम्म' आणि पुढे माझ्या लेकाचं नाव. अमक्याची आई. ते स्वतः 'अबू' आणि त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव. परक्या बाईला नावानं पुकारणं त्यांना बरं वाटत नाही. माझ्या सासूलाही गल्लीत कुणी नावानं हाक मारत नाही, यांच्या नावापुढे 'नी माय' लावतात. शहरातल्या माझ्या एका मैत्रिणीला हे खटकलं, बाईचं नाव पुसलं जातं म्हणाली. तिचं म्हणणं मला पटतं. तरी त्या हाकेत मला आदर ऐकू येतो, हेही खरं आहे.

भाषा आली म्हणून भाव वाढला नाही, हे मला स्पष्ट सांगायला हवं, कारण आमच्या भागातल्या बऱ्याच तरुण मुलामुलींनी मला तेच विचारलं आहे. भाव बाजार ठरवतो. करार आजही इंग्रजीतच होतो, कस्टमचा एजंट त्याचं काम करतो, पैशांचा मामला बँकेतूनच चालतो, आणि आवाजी निरोपावर विसंबून मी कधी एक पेटीही भरलेली नाही. जे ठरलं ते लेखी मागते, आकडे अक्षरी मागते. भाषेमुळे मिळालं ते दुसरंच.

एका मे महिन्यात त्यांचा निरोप आला. आवाज थकलेला. त्यात एक वाक्य होतं, 'माकू कहरबा'. वीज नाही. इराकी बोलीत आहे म्हणजे अकू, नाही म्हणजे माकू. बसऱ्याला उन्हाळ्यात पारा पन्नासच्या पुढे जातो. वीज वारंवार जाते, जनरेटर पुरत नाही, पिकवणीच्या खोल्या थंड राहत नाहीत. ते म्हणत होते, माल पाठवा, पण तो माझ्याकडे जास्त दिवस हिरवा राहिला पाहिजे. दुबईकर मध्ये असता तर हा निरोप आमच्यापर्यंत 'बाजार मंद आहे' एवढाच आला असता. मला इथली मेची दुपार दिसत होती. भुसावळ, जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा बागेच्या कडेची पानं भाजल्यासारखी होतात, आणि पंपाची वीज नेमकी तेव्हाच जाते. माकू कहरबा हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आम्ही कापणी नेहमीपेक्षा काही दिवस अलीकडे आणली. केळ थोडं कोवळं, जाडी थोडी कमी, पण असं केळ जास्त दिवस हिरवं टिकतं. वजनात आमचं थोडं गेलं. मी ते त्यांना आधीच सांगितलं, म्हणाले चालेल, तेवढं मी सोसतो. तो माल चांगला पोचला. त्यानंतर त्यांनी चिठ्ठी कधी हाती लिहून पाठवली नाही. इंग्रजी आकड्यांत, टाइप करून. मी मागितली नव्हती तरी.

रमजानच्या आधी त्यांची मागणी वाढते. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, त्याला आपल्यासारखा अधिक मास नाही, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये तो ११ मार्चच्या सुमारास सुरू झाला, २०२५ मध्ये १ मार्चच्या सुमारास. आता लागवड ठरवताना आम्ही पंचांगाशेजारी तेही कॅलेंडर ठेवतो. कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, कधी निसवेल आणि चंद्र कधी दिसेल, हे दोन्ही माय बोटांवर मोजतात.

मायची एक नथ आहे, त्यांच्या आजीची. तिच्यातल्या मोत्यांना त्या बसरा मोती म्हणतात. आखातातले मोती बसऱ्याच्या बाजारातून इकडे यायचे, त्यावरून ते नाव. एवढी वर्षं बसरा हा त्यांच्यासाठी मोत्याचा एक प्रकार होता, गाव नव्हतं. गेल्या रमजानात त्यांनी नथ घातली आणि मला म्हणाल्या, त्याला फोटो पाठव, सांग, तुमच्या गावचं आमच्या घरात कधीपासून आहे. मी पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, व्हिडिओवर. इफ्तार झालेला, मागे मुलं, समोर ताटात खजूर आणि आमची केळी, चांगली पिवळी, पाचवी-सहावी पायरी. मायना त्यांनी वाकून सलाम केला. मायनी हात जोडले.

मग त्यांनी विचारलं, "उम्म, हे आम्ही मौझ म्हणतो. तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

मी म्हटलं, केळी.

"केली," ते म्हणाले.

"केळी."

"केली." त्यांची मुलंही म्हणू लागली. केली, केली. कुणालाच ळ जमेना. त्यांच्या भाषेत तो नाहीच. ते पुन्हा प्रयत्न करत होते, जीभ मागे ओढून, माझ्याकडे बघून, चुकतंय का विचारत. दुसरीतल्या त्या खोलीत मी अशीच बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं, राहू द्या. तो शाळेतला शब्द झाला. घरी आम्ही केयी म्हणतो.

"केयी," ते म्हणाले, पहिल्याच झटक्यात, अगदी आमच्या गल्लीतल्या माणसासारखं. आणि माय माझ्या खांद्यावरून पुढे वाकून मोबाइलला म्हणाल्या, "हां. केयी."